आवाज न करणाऱ्या गाडीतून मार्कंड्याला

आमच्या वाईकडे माणूस गेला की अस्थी माहुलीच्या संगमावर नेतात. सकाळी निघायचं आणि दुपारच्या जेवणाला घरी परत यायचं. अस्थींसोबत दिवसभराचा प्रवास करावा लागतो, त्यात वाट चुकते, भूक लागते, गाडी बंद पडते आणि अनोळखी माणसं अडचणीचे प्रश्न विचारतात, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. तिकडे न गेलेल्यांसाठी, आणि ज्यांच्या घरी तशी गाडी आहे त्यांच्यासाठी, जमेल तसं लिहून ठेवतो.

सातवा दिवस : कोरपना

माझा थोरला भाऊ वसंतदादा कोरपन्याजवळच्या एका सिमेंट कारखान्यात विजेचं खातं सांभाळायचा. त्याआधी तो अकरा वर्षं आखातात होता. परत येताना त्याने एक परदेशी गाडी आणली. तिच्यात पेट्रोलचं इंजिन होतं आणि मागच्या सीटच्या पाठीमागे मोठी बॅटरी, आणि दोघं मिळून चाकं फिरवायची. मऊ कातडी सीटा, लाकडी पट्ट्या आणि चावीच्या जागी एक बटण. कॉलनीतला पहारेकरी मला म्हणाला, "हायब्रीड म्हणे. हायब्रीड तं कपाशी असते जी. ही काय भानगड होय?"

दादा नागपूरच्या दवाखान्यात वारला. त्याला मूलबाळ नाही. मी वाईहून पोचलो तो चौथ्या दिवशी. अग्नी त्याच्या हाताखालच्या एका माणसाने दिला होता आणि अस्थीही गोळा झाल्या होत्या. तांब्या लाल फडक्यात बांधून कॉलनीतल्या कडुनिंबाला टांगला होता. मी त्याच्याकडे पाहत उभा राहिलो आणि मला काय वाटायला हवं ते आठवेना. माझ्यासाठी एकच काम उरलं होतं, दहाव्याला तो तांब्या नदीपर्यंत नेण्याचं.

नदी वहिनीने ठरवली होती. दादा दर हिवाळ्यात मार्कंड्याला जायचा. वैनगंगेकाठी देवळं आहेत तिथे, गडचिरोली जिल्ह्यात. कोरपन्याहून दीडशे किलोमीटरच्या आसपास. तिथल्या गुरुजींना दहाव्याच्या सकाळचा निरोप गेला होता.

"कारखान्याची जीप मिळते आहे," मी म्हणालो.

"नको. यांच्याच गाडीतून," वहिनी म्हणाली. "दुसऱ्याच्या गाडीत त्यांना मळमळायचं."

मी गॅरेजमध्ये गेलो. चावीऐवजी असलेला बटणांचा छोटा डबा दाबला तर दार उघडेना, दिवा लागेना, डिकीही नाही. दादा सहा आठवडे दवाखान्यात होता आणि गाडी तितकेच दिवस उभी. एवढी मोठी बॅटरी सहा आठवड्यांत कशी मेली, या विचाराने मी दुपारभर फेऱ्या मारल्या.

घरात वाचण्यासारखं एकच पुस्तक होतं, त्या गाडीचं माहितीपुस्तक. पाचशेच्या वर पानं. मी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. समोर छापील पान आलं की वाचतो. पण त्या पुस्तकात प्रत्येक गोष्टीला इशारा होता आणि प्रत्येक इशारा सारख्याच गंभीर आवाजात दिलेला. पाण्यात गाडी घालू नका आणि कपाच्या खाचेत गरम चहा ठेवू नका, दोन्ही एकाच चौकटीत. कशाला किती घाबरायचं ते कळेना.

संध्याकाळी वहिनीने रशीदभाईंना बोलावलं. कोरपन्याच्या बाजारात त्यांचं दुकान आहे. ट्रकचे डायनामो, ट्रॅक्टरचे सेल्फ-स्टार्टर नवी तार गुंडाळून भरून देतात. पन्नाशीचे असतील. कानावर पेन्सिल, बोटं तेलाने काळी. ते आले, आधी कडुनिंबाखाली उभे राहून क्षणभर मान खाली घातली आणि मग माझ्या हातातला चावीचा डबा घेऊन त्याच्या बाजूची खिट्टी सरकवली. आतून एक साधी लोखंडी चावी निघाली.

"साहेब मले पुस्तक वाचून दाखवत होते," ते म्हणाले. "दर शुक्रवारी, नमाजनंतर. इंग्रजी त्याईचं, डोकं माझं."

मोठी बॅटरी मेलेलीच नव्हती. या गाडीत आणखी एक छोटी बॅटरी असते, कोणत्याही मोटारीत असते तशी. ती गाडीला जागं करते. ती उतरली की मोठी कितीही भरलेली असो, गाडी डोळा उघडत नाही. ती डिकीत असते आणि डिकी विजेवर उघडते. म्हणजे वीज आणायची तर वीज पाहिजे. मी चक्रावलो. रशीदभाईंनी त्या लोखंडी चावीने दार उघडलं, मग बॉनेट, एका काळ्या डब्याचं झाकण काढून आतलं लाल टोपण दाखवलं. त्याला ट्रॅक्टरच्या बॅटरीची तार लावली, दुसरी तार इंजिनाच्या उघड्या लोखंडाला.

"अन् ह्या नारिंगी तारा पाह्यल्या का सर? ह्याईले हात नाई लावाचा. कारखान्यातल्या लाइनीसारखं समजा."

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी ती आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू ठेवावी. महिनाभर बाहेरगावी जायचं तर छोट्या बॅटरीची तार काढून जावं. हे पुस्तकातही होतं, एकशे काहीतरी पानावर.

आठवा दिवस : कॉलनी

सकाळी मला वाटलं, आपणही चालू करून बघावी. ब्रेकवर पाय, बटण दाबलं. दिवे लागले, पडद्यावर चित्र आलं, पण इंजिनाचा आवाज नाही. पुन्हा दाबलं. दिवे गेले. पुन्हा दाबलं. पहारेकरी आला, शेजारचे दोघे आले.

"सेल्फ मारून राह्यले पण घेत नाई," पहारेकऱ्याने त्यांना माहिती दिली.

"धक्का द्यावा काय?"

"थांबा न जी, एकडाव अजून दाबू द्या."

रशीदभाई सायकल टेकवून बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "सर, सहा डाव चालू केली अन् सहा डाव बंद केली तुम्ही."

"पण आवाज?"

"आवाज नाई करत थे. हिरवा दिवा लागला म्हणजे चालू. आता गिअर टाकला असता तं सरळ भिंतीत गेली असती."

शेजारचे हसले. मलाही हसू आलं आणि सुतकात हसलो म्हणून ओशाळलो. गाडी जिवंत असूनही काही ऐकू येत नाही, याची सवय मला शेवटपर्यंत झाली नाही. उतरताना मी दर वेळी विचारायचो, बंद केली ना? अशी गाडी वापरणाऱ्याने हिरवा दिवा पाहिल्याशिवाय काही करू नये आणि दिवा विझल्याशिवाय उतरू नये.

दुपारी शेजारणीने जेवण पाठवलं. भात आणि लाखोळीच्या डाळीचं पातळ वरण, फोडणीशिवाय. आमच्याकडे ही डाळ कोणी खात नाही. चव थोडी मातकट, पण दुसऱ्या घासाला आवडू लागते. वहिनीने दोन घास खाल्ले आणि ती उद्याच्या तयारीला लागली. अस्थी जमिनीवर ठेवायच्या नाहीत, डिकीत चपला-सामानात तर नाहीच. मागच्या सीटवर, डाव्या कोपऱ्यात. तांब्या कलंडू नये म्हणून तिने दादाच्या दोन गोधड्या काढल्या, घड्या घालून तिन्ही बाजूंनी बसवल्या आणि वर त्याची शाल.

"हिवाळ्यात मार्कंड्याला जाताना ते ह्याच न्यायचे," ती म्हणाली. बाहेर एप्रिलचं ऊन होतं.

नववा दिवस : मूलच्या अलीकडचं जंगल

सकाळी सातला निघालो. रशीदभाई चालवायला, मी शेजारी, वहिनी मागे तांब्याजवळ. राजुऱ्यापर्यंत रस्त्याच्या कडेची झाडं सिमेंटच्या धुळीने राखाडी झालेली. वर्धा नदीचा पूल ओलांडला तेव्हा वहिनीने नदीला हात जोडले. चंद्रपूरला किल्ल्याच्या वेशीतून जाताना ट्रकांच्या रांगेत अर्धा तास अडकलो. इंजिन आपोआप बंद झालं, आत शांतता आणि बाहेर सगळे हॉर्न वाजवत होते.

मग मी एक शहाणपणा केला. गाडी बॅटरीवर उभी आहे, एसी चालू आहे, म्हणजे बॅटरी संपणार, असा हिशेब करून मी रशीदभाईंना एसी बंद करायला सांगितला.

"राहू द्या न सर."

"नको. पुढे जंगल आहे."

त्यांनी बंद केला. मी मोठा भाऊ गमावलेला माणूस, माझ्याशी कोण वाद घालणार?

चंद्रपूर सोडलं की मूलच्या दिशेने जंगल लागतं. सागाची पानं गळून गेली होती. मोहाच्या झाडांखाली जमीन काळी दिसत होती. खालचा पाचोळा जाळतात, म्हणजे पडलेली फुलं दिसतात, असं रशीदभाई म्हणाले. उघड्या खिडकीतून गोड, आंबूस वास येत होता. आमच्याकडे जंगल म्हणजे ओला, हिरवा डोंगर. इथे पानं नसलेलं जंगलही जंगलच असतं आणि माणसं त्यात टोपल्या घेऊन कामाला जातात, हे मला नवं होतं.

अकराच्या सुमारास गाडी मंदावली. पडद्यावर लाल त्रिकोण आला. चढाला तिला जोर येईना. रशीदभाईंनी ती एका मोहाखाली घेतली. हिरवा दिवा होता, पण लाल त्रिकोण जाईना. मागून कुठूनतरी दबलेला घोंघों आवाज येत होता.

मी पुस्तक काढलं. लाल त्रिकोणाचे अर्थ चार पानं होते. शेवटी प्रत्येक ठिकाणी एकच सल्ला, अधिकृत विक्रेत्याकडे न्या. सगळ्यात जवळचा विक्रेता कुठे होता देव जाणे, बहुतेक समुद्रापलीकडे.

रशीदभाईंनी इंजिनाचं पाणी पाहिलं, ऑइल पाहिलं, छोटी बॅटरी पाहिली. सगळं ठीक. एक ट्रॅक्टरवाला थांबला.

"दोर बांधून ओढू काय? मूलपर्यंत सोडतो."

"नाई भाऊ. ह्या गाडीचे चाकं फिरले का आत वीज तयार होते. ओढली तं जळन."

"ओढली तं जळन?" ट्रॅक्टरवाल्याने गाडीभोवती एक फेरी मारली. "मंग बैल बी नाई जमनार," असं म्हणून तो गेला.

एक काळी-पिवळी जीप थांबली. गडचिरोलीला जाणारी, दोन जागा होत्या. मी वहिनीला म्हणालो, "चला. रशीदभाई गाडीजवळ थांबतील. उद्या सकाळी गुरुजी घाटावर येणार. आपण पोचलो नाही तर दहावा चुकेल."

ती उतरली नाही. "तुम्ही जा भाऊजी. मी ह्यांच्याबरोबर आहे."

"अस्थी मलाच न्यायच्या आहेत ना?"

"मग ह्याच गाडीतून न्या."

जीप निघून गेली. एवढं एकच काम होतं माझ्याकडे, आणि ते रस्त्याच्या कडेला एका लाल त्रिकोणापाशी थांबलं होतं. मी झाडाला टेकून उभा राहिलो. रागवायचं कोणावर तेही समजेना. दादावर रागवलो, अशी गाडी आणल्याबद्दल.

मोहाखाली एक बाई फुलं वेचत होती. साठीच्या पुढची, पदर डोक्याला गुंडाळलेला. टोपली भरत आली होती. ती जवळ आली, उघड्या दारातून आत डोकावली.

"थे काय होय जी?"

"अस्थी आहेत. माझ्या भावाच्या," मी म्हणालो. "मार्कंड्याला नेतोय."

तिने टोपली खाली ठेवून हात जोडले. मग वहिनीला विचारलं, "नवरा होय काय बाई तुझा?"

वहिनीने मान हलवली.

"मंग इतकं काऊन गुंडाळलं त्याले? इतक्या तपनीत? गुदमरन ना तो."

"कलंडू नये म्हणून," मी म्हणालो.

"कलंडते कसा? मांडीवर घ्याचा न. आमच्याकडं मांडीवर नेतेत. असा सीटवर गाठोड्यावानी ठेवत नाई जी." आणि माझ्याकडे पाहून, "तू भाऊ होय न? मंग?"

तो तांब्या मी अजून हातात घेतलेला नव्हता. झाडावरून रशीदभाईंनी काढला, वहिनीने ठेवला. प्रत्येक वेळी माझ्या हातात दुसरं काहीतरी होतं, पुस्तक नाहीतर पाण्याची बाटली.

वहिनीने शाल काढली. तांब्या दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्यापुढे धरला. मी घेतला. तो ऊन होता. वजन एखाद्या मध्यम शब्दकोशाएवढं, तेवढंच. बाईने आत वाकून एक गोधडी ओढली, मग दुसरी. "आता येईन त्याले वारा," ती म्हणाली.

आणि मागचा दबलेला आवाज एकदम मोकळा झाला. मोठा, सरळ घरघराट. बॉनेटखाली वाकलेले रशीदभाई ताठ झाले.

"काय केलं?" ते धावत मागे आले. "कोणी काय हलवलं?"

गोधडी होती तिथे, सीटच्या कडेला, हाताच्या पंजाएवढी जाळी होती. रशीदभाईंनी तिच्यासमोर सागाचं वाळकं पान धरलं. पान जाळीला चिकटलं.

"पंखा होय मोठ्या बॅटरीचा," ते हळू म्हणाले. "इथून हवा ओढते. गाडीतली थंडी हवा. एसीची."

एसी मी बंद करवला होता. जाळी वहिनीने झाकली होती, म्हणून बॅटरी तापली होती. आणि त्या पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं, मागच्या सीटजवळच्या जाळीवर सामान ठेवू नये. ते वाक्य मी दोनदा वाचलं होतं. सामान म्हणजे पेट्या, पिशव्या, असं माझ्या डोक्यात. दादाच्या गोधड्या सामान होतील असं वाटलंच नाही.

"मीच कोंडलं," वहिनी म्हणाली.

"नाई भाभीजी. माह्या कानात आवाज होता अन् मले समजला नाई. साहेब असते तं बोलले असते मले."

अशी गाडी असलेल्यांना एवढंच सांगतो. मागच्या सीटच्या बाजूची ती जाळी शोधून ठेवा. उन्हाळ्यात एसी बंद करून बॅटरी वाचत नाही, उलट तापते. कापसाच्या गावात राहत असाल तर जाळीत तंतू अडकतात, ते महिन्यातून एकदा पुसा. पंखा ओरडू लागला तर गाडी सावलीत घ्या, आतली हवा थंड करा आणि वाट पाहा.

आम्ही वाट पाहिली. सावलीत, एसी लावून, तासभर. बाईने ओंजळभर फुलं वहिनीच्या पदरात घातली. "भाजून खाजो," म्हणाली आणि पुढच्या झाडाखाली गेली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. त्रिकोण एका क्षणी आपोआप गेला. आम्ही तिघांनीही तो जाताना पाहिला नाही.

पुढचा रस्ता मी मागच्या सीटवर बसून गेलो. मूल, सावली, व्याहाड, वैनगंगेचा पूल, गडचिरोली, चामोर्शी. वाटेत जे होतं ते वहिनी आणि रशीदभाई पुढून सांगत होते, मोर गेला, धानाची रिकामी बांधी, म्हणजे भाताचं खाचर, आली. मी फार पाहिलं नाही. खड्डा आला की दोन्ही हात तांब्याभोवती आवळायचो. गार हवेत तो हळूहळू निवत गेला. मार्कंड्याला उतरताना माझे पाय इतके बधीर झाले होते की रशीदभाईंनी काखेत हात घालून उभं केलं.

दहावा दिवस : मार्कंडा

देवळं नदीच्या काठावरच आहेत. दगडावर इतकी कोरीव माणसं की कोण कोणाकडे बघतंय ते कळत नाही. जत्रा होऊन गेलेली, त्यामुळे गर्दी नव्हती. एप्रिलमध्ये वैनगंगा आपल्या पात्राच्या एका बाजूला सरकून वाहते. बाकी सगळी वाळू. पिंडदान काठावर झालं. कावळ्याने वाट पाहायला लावली नाही.

गुरुजी म्हणाले, "आता आत जा. गुडघाभर पाणी लागन तिथवर."

रशीदभाई काठावर चपला काढून थांबले. मी आणि वहिनी वाळूतून चालत गेलो. सकाळचीच वाळू, पण पोळू लागली होती. पाणी लागलं तेव्हा बरं वाटलं. गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे दक्षिणेकडे तोंड करून उभा राहिलो. फडकं सोडलं. वहिनीने माझ्या मनगटाला हात लावला आणि आम्ही दोघांनी तांब्या कलता केला.

वैनगंगा मला नकाशावरून पाठ होती. ती खाली, दक्षिणेला जाते. म्हणून मी समोर पाहत होतो. दादा माझ्यासमोरून पुढे, लांब जाईल आणि मी पाहत राहीन, असं मनात धरलं होतं. राख पाण्यावर पडली, जागच्या जागी फिरली आणि माझ्याच दिशेने येऊ लागली. पोटऱ्यांना लागली. मला काही समजेना. आपलं काहीतरी चुकलं असं वाटून मी मागे सरकलो, तर ती आणखी जवळ आली.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "तुम्ही मधे उभे आहात."

काठावरून गुरुजींचा आवाज आला. "इथी नदी वळून उत्तरेले जाते जी. म्हणून तं लोक इथी येतेत."

मी वाकून पायाशी अडकलेली थोडी राख हाताने सोडवली. मग एक पाऊल बाजूला झालो आणि त्याला वाट दिली.